अवकाशांची टेलर श्रेणी: फंक्टर कॅल्क्युलसची ओळख

शून्याच्या अगदी जवळ साइन क्ष ची किंमत हवी असेल तर क्ष एवढेच म्हटले तरी चालते. अधिक अचूकता हवी असेल तर त्यातून क्ष च्या घनाचा सहावा भाग वजा करावा लागतो, आणि त्याहूनही अचूक उत्तर हवे असेल तर क्ष च्या पाचव्या घाताचा १२० वा भाग मिळवावा लागतो. ब्रूक टेलर यांनी १७१५ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीचे मर्म असे की, एका बिंदूपाशी एखाद्या फलाचे सर्व विकलज माहीत असले, तर पुष्कळशा चांगल्या फलांच्या बाबतीत त्या बिंदूच्या आसपासच्या सगळ्या किमती हाती येतात. हीच कल्पना संख्यांऐवजी आकारांवर आणि फलांऐवजी फंक्टरांवर चालवता येते, हे अमेरिकन गणितज्ञ टॉमस गुडविली यांनी दाखवून दिले. या विषयावरील त्यांचा पहिला निबंध १९९० साली आणि मालिकेतला तिसरा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. आज या सिद्धांताला फंक्टर कॅल्क्युलस म्हणतात.

या सिद्धांतातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की, जो फंक्टर काहीच करत नाही, म्हणजे दिलेला अवकाश जसाच्या तसा परत देतो, त्याचीच टेलर श्रेणी अनंत आणि अत्यंत समृद्ध निघते. साध्या कलनशास्त्रात फ(क्ष) = क्ष हे फल रेषीय असते आणि त्याबद्दल बोलण्यासारखे काही नसते. अवकाशांच्या जगात मात्र आयडेंटिटी फंक्टर रेषीय नाही, आणि तो का नाही हे समजले की या विषयाचा बराचसा गाभा समजतो.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. होमोटोपी सिद्धांतात दोन अवकाश न फाडता, सलगपणे ताणून-दाबून एकमेकांसारखे करता येत असतील तर ते समान मानले जातात. एखाद्या अवकाशाचा क-वा होमोटोपी ग्रुप म्हणजे, स्थूलमानाने, त्या अवकाशात क-मितीय गोलपृष्ठ किती मूलतः वेगळ्या प्रकारे ठेवता येते याची नोंद. फंक्टर हा असा नियम असतो, जो प्रत्येक अवकाशाला दुसरा एक अवकाश जोडून देतो आणि अवकाशांमधील सलग चित्रणांनाही त्याच शिस्तीने पुढे नेतो. उदाहरणार्थ, एका ठरावीक बिंदूपासून निघून पुन्हा त्याच बिंदूवर येणाऱ्या सर्व बंद वाटांचा मिळून एक अवकाश होतो, त्याला लूप-अवकाश म्हणतात, आणि अवकाशाकडून त्याच्या लूप-अवकाशाकडे जाणे हा एक फंक्टर आहे. आपल्याला असेच फंक्टर हवे आहेत, जे होमोटोपीच्या दृष्टीने समान अवकाशांना समानच उत्तरे देतात.

होमोटोपी ग्रुप मांडायला सोपे आणि काढायला अतिशय कठीण आहेत. द्विमितीय गोलपृष्ठासारख्या साध्या अवकाशाचेही सर्व होमोटोपी ग्रुप आजवर कोणालाही काढता आलेले नाहीत. हाइन्झ हॉप्फ यांनी १९३१ साली दाखवले की त्रिमितीय गोलपृष्ठ द्विमितीय गोलपृष्ठावर अनंत वेगवेगळ्या प्रकारे गुंडाळता येते. त्याआधी, जास्त मितीचा गोल कमी मितीच्या गोलात गेला तर तो नेहमी एका बिंदूत आकसून टाकता येईल, असे वाटणे स्वाभाविक होते. याउलट होमॉलॉजी या नावाने ओळखले जाणारे, स्थूलमानाने अवकाशातली भोके मोजणारे, ग्रुप सहज काढता येतात. या दोहोंत एवढा फरक का पडतो, याचे उत्तर एकाच गोष्टीत आहे: होमॉलॉजी जोडकाम सहन करते आणि होमोटोपी ते सहन करत नाही.

जोडकाम म्हणजे काय ते नेमके सांगतो. ख आणि ग हे दोन अवकाश अ या सामाईक भागावर एकमेकांना चिकटवून घ हा मोठा अवकाश तयार केला, असे समजा. आता एखादा फंक्टर फ घेतला तर फ(अ), फ(ख), फ(ग) आणि फ(घ) हे चार अवकाश मिळतात. फ(ख) मधला एक बिंदू, फ(ग) मधला एक बिंदू, आणि त्या दोघांच्या फ(घ) मधील प्रतिमांना जोडणारी एक वाट, अशा सर्व त्रिकुटांचा विचार करा. हे सर्व त्रिकूट मिळून होणारा अवकाश जर फ(अ) शीच जुळत असेल, आणि हे प्रत्येक जोडकामाच्या बाबतीत घडत असेल, तर फ हा फार तर पहिल्या कोटीचा आहे असे म्हणतात. त्यातच फ ने एका बिंदूच्या अवकाशाला एक बिंदूच दिला तर तो रेषीय. प्रत्येक होमॉलॉजी सिद्धांतामागे असा एक फंक्टर असतो, आणि अशा फंक्टराचे होमोटोपी ग्रुप काढले की मूळ अवकाशाची कोणती ना कोणती होमॉलॉजी मिळते.

आयडेंटिटी फंक्टर या कसोटीला उतरत नाही. घ हा अवकाश जोडकामाने बनलेला असला तरी, ख मधला बिंदू, ग मधला बिंदू आणि घ मधली वाट अशी त्रिकुटे घेतल्यावर जो अवकाश तयार होतो तो अ पेक्षा साधारणपणे बराच मोठा निघतो, कारण घ मधली वाट ख मधून ग मध्ये, ग मधून परत ख मध्ये, अशी कितीही वेळा ये-जा करू शकते. म्हणजे अवकाश बांधण्याची क्रिया एका दिशेची आहे आणि होमोटोपी ग्रुपांनी ते मोजण्याची क्रिया दुसऱ्या दिशेची आहे, आणि या दोहोंतली तफावतच आयडेंटिटी फंक्टराला वक्र करते. ती तफावत किती मितीपर्यंत दिसत नाही हे ब्लेकर्स आणि मॅसी यांच्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या प्रमेयाने सांगता येते, आणि गुडविली यांचा सारा अंदाज-हिशेब त्या प्रमेयावर व त्याच्या अधिक मितींच्या रूपांवर उभा आहे.

आता विकलजाकडे वळू. शून्याच्या जागी येतो एका बिंदूचा अवकाश. शून्याच्या जवळ असणे म्हणजे खालच्या बऱ्याच मितींमधले होमोटोपी ग्रुप क्षुल्लक असणे. अवकाश जितक्या वरच्या मितीपर्यंत रिकामा दिसतो तितका तो बिंदूच्या जवळ. अवकाश लहान करण्याचा हुकमी उपाय म्हणजे सस्पेन्शन: अवकाशावर एक दंडगोल उभा करायचा आणि त्याचे वरचे टोक एका बिंदूत व खालचे टोक दुसऱ्या बिंदूत मिटवायचे. क मितीच्या गोलपृष्ठाचे सस्पेन्शन घेतले की क + १ मितीचे गोलपृष्ठ मिळते. शाळेत शिकलेला विकलज म्हणजे ह शून्याकडे जाताना फ(ह) भागिले ह याची सीमा. इथे सस्पेन्शन घेणे म्हणजे चल लहान करणे आणि त्यानंतर तितक्याच वेळा लूप-अवकाश घेणे म्हणजे भागाकार करून परत मूळ मापावर येणे. बिंदूला बिंदूकडेच नेणाऱ्या फंक्टराचा पहिल्या कोटीचा अंदाज असा मिळतो: अवकाशाचे क वेळा सस्पेन्शन घ्या, त्यावर फ लावा, उत्तराचे क वेळा लूप-अवकाश घ्या, आणि क अनंताकडे जाऊ द्या.

हे आयडेंटिटी फंक्टरावर करून पाहिले की एक जुनी ओळखीची वस्तू समोर येते. हान्स फ्रॉइडेन्टाल यांनी १९३७ साली सिद्ध केले की वारंवार सस्पेन्शन घेत गेल्यास होमोटोपी ग्रुप काही पायऱ्यांनंतर बदलायचे थांबतात. त्या स्थिरावलेल्या ग्रुपांना स्थिर होमोटोपी ग्रुप म्हणतात, आणि आयडेंटिटी फंक्टराचा पहिल्या कोटीचा अंदाज त्याच ग्रुपांचा बनलेला असतो. स्थिर होमोटोपी सिद्धांत ही अनेक दशके स्वतंत्रपणे वाढलेली शाखा. ती होमोटोपी सिद्धांताची स्पर्शरेषा आहे, हे एकदा लक्षात आले की तिच्याकडे बघण्याची दृष्टीच बदलते, आणि साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो: वर्गपद कोणते, घनपद कोणते?

दुसऱ्या कोटीची व्याख्या करण्यासाठी पुन्हा साध्या बहुपदीकडे पाहू. फ ची कोटी फार तर १ असेल तर फ(क्ष + य) − फ(क्ष) − फ(य) + फ(०) ही राशी शून्य असते. यात चार पदे आहेत, आणि वर पाहिलेल्या जोडकामातही चारच अवकाश होते, एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले. फ(क्ष) = क्ष² घेतले तर वरची राशी २क्षय येते, शून्य येत नाही; पण क्ष, य आणि ज्ञ अशा तीन चलांसाठी फ(क्ष + य + ज्ञ) मधून जोड्यांच्या तीन किमती वजा करा, एकेकट्या चलांच्या तीन किमती मिळवा आणि फ(०) वजा करा, तर सर्व वर्ग व सर्व गुणाकार कटून शून्य उरते. ही आठ पदे म्हणजे घनाचे आठ कोपरे. त्याच धर्तीवर, एका अवकाशाला तीन स्वतंत्र तुकडे शक्य त्या सर्व प्रकारे जोडून मिळणारे आठ अवकाश घनाच्या कोपऱ्यांवर मांडायचे, आणि फ लावल्यानंतर सुरुवातीच्या कोपऱ्यावरचा अवकाश उरलेल्या सात कोपऱ्यांवरून पूर्णपणे परत मिळत असेल तर फ ची कोटी फार तर २ आहे, असे म्हणायचे. म कोटीसाठी म + १ मितीचा घन लागतो. वजाबाकी करता येत नाही अशा जगात बहुपदी म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने सांगता येते, हे मला या सिद्धांतातले खरे कसब वाटते. चारपदी राशीला बीजगणितात बरोबरीचे स्थान आहेच: आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांनी १९५४ सालीच ग्रुपांवरील फंक्टरांसाठी तिचा उपयोग केला होता.

कोणत्याही फंक्टराला म कोटीचा सर्वांत जवळचा अंदाज असतो, हे गुडविली यांनी सिद्ध केले. सर्व म साठीचे हे अंदाज एकावर एक रचले की जे तयार होते त्याला टेलर टॉवर म्हणतात: प्रत्येक मजल्यावरून खालच्या मजल्यावर जाणारे एक चित्रण असते, आणि सर्वांत तळाशी फ(बिंदू) हा अचल, म्हणजे अवकाशागणिक न बदलणारा, मजला असतो. म-व्या मजल्यात आणि त्याखालच्या मजल्यात जो फरक असतो त्याला म-वा थर म्हणतात. साध्या टेलर श्रेणीत म-वे पद म्हणजे सहगुणक गुणिले क्ष चा म-वा घात भागिले म!. थरही नेमका तसाच दिसतो. अवकाशाचा स्वतःशीच म वेळा स्मॅश गुणाकार घ्यायचा (क मितीचे आणि ल मितीचे गोलपृष्ठ यांचा स्मॅश गुणाकार क + ल मितीचे गोलपृष्ठ असतो), त्याला एका सहगुणकाने गुणायचे, आणि म घटकांच्या सर्व म! अदलाबदली होमोटोपीच्या रीतीने एकरूप मानायच्या. शेवटची क्रिया ही म! ने भागण्याची जागा घेते. सहगुणक संख्या नसून स्पेक्ट्रम असतो, म्हणजे स्थिर केलेला असा अवकाश की ज्यात ऋण मितीच्या गोलांनाही अर्थ असतो, आणि म घटकांच्या अदलाबदली त्याच्यावरही काम करतात.

दोन उदाहरणे. पहिले: एकसंध अवकाशाचे (ज्यातले कोणतेही दोन बिंदू वाटेने जोडता येतात) सस्पेन्शन घ्या, त्याचे लूप-अवकाश घ्या, आणि शेवटी उत्तर स्थिर करा. योआन जेम्स यांनी १९५० च्या दशकात या अवकाशाचा जो अभ्यास केला त्यातून दिसते की हा फंक्टर सर्व स्मॅश घातांच्या बेरजेत विभागला जातो. इथे म-वा सहगुणक म्हणजे शून्य मितीच्या गोलाच्या म! प्रती, म! ने भागले की १ उरतो, आणि श्रेणी क्ष + क्ष² + क्ष³ + … अशी, म्हणजे भूमिती श्रेणीसारखी दिसते.

दुसरे उदाहरण खुद्द आयडेंटिटी फंक्टराचे. त्याचे सहगुणक ब्रेंडा जॉन्सन यांच्या १९९५ सालच्या निबंधात स्पष्टपणे मिळतात: म-वा सहगुणक म्हणजे १ − म मितीच्या गोलाच्या (म − १)! प्रती. सम मितीचा गोल अधिक आणि विषम मितीचा गोल उणे मोजला तर सहगुणकाची किंमत चिन्हासह (म − १)! येते, आणि म! ने भागल्यावर आलटून-पालटून चिन्ह घेणारा १/म उरतो. ती श्रेणी क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − … अशी आहे, म्हणजे १ + क्ष च्या लॉगॅरिदमची. काहीच न करणारा फंक्टर लॉगॅरिदमसारखा वागतो, ही या विषयातली मला सर्वांत प्रिय असलेली ओळ आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते ते द्विमितीय गोलपृष्ठाच्या तिसऱ्या होमोटोपी ग्रुपावर पाहू. हॉप्फ यांच्या शोधानुसार तो पूर्णांकांचा ग्रुप आहे. पहिला थर, म्हणजे स्थिर होमोटोपी, या जागी फक्त दोन घटकांचा ग्रुप दाखवतो: स्पर्शरेषेला हॉप्फ यांचे चित्रण सम आहे की विषम, एवढेच कळते. आता दुसरा थर घ्या. द्विमितीय गोलपृष्ठाचा स्वतःशी स्मॅश गुणाकार म्हणजे चार मितींचे गोलपृष्ठ. सहगुणक उणे एक मितीचा गोल. म्हणून थराची सुरुवात तिसऱ्या मितीपासून होते. दोन घटकांची अदलाबदल चार मितींच्या गोलाची दिशा उलटवत नाही, त्यामुळे तिने भागल्यानंतरही तळाचा ग्रुप पूर्णांकांचाच राहतो. तिसरा थर चौथ्या मितीपासून सुरू होतो आणि त्यापुढचे थर आणखी वर, म्हणून तिसऱ्या मितीत त्यांचा संबंध येत नाही. तेव्हा हिशेब असा: दुसऱ्या थराचे पूर्णांक खऱ्या ग्रुपाच्या पूर्णांकांत बसतात, आणि जे उरते ते पहिल्या थरातला दोन घटकांचा ग्रुप. याचा अर्थ दुसऱ्या थरातून बरोबर सम पूर्णांक येतात. त्यांचा जनक म्हणजे गोलाच्या आयडेंटिटी चित्रणाचा स्वतःशीच घेतलेला व्हाइटहेड गुणाकार (गोलांच्या दोन चित्रणांतून वरच्या मितीच्या गोलाचे चित्रण बनवणारी क्रिया), जो चिन्ह सोडल्यास हॉप्फ चित्रणाच्या दुप्पट असतो हे पूर्वीपासून माहीत होते. टॉवरमध्ये ती जुनी वस्तुस्थिती वर्गपद म्हणून आपसूक जागेवर बसते.

त्रिमितीय गोलपृष्ठासाठी हेच करून पाहिले तर अदलाबदल सहा मितींच्या गोलाची दिशा उलटवते, आणि दुसऱ्या थराच्या तळाशी पूर्णांकांऐवजी दोन घटकांचा ग्रुप मिळतो. विषम मितीच्या गोलाचा एकच होमोटोपी ग्रुप अनंत असतो आणि सम मितीच्या गोलाचे दोन असतात, हे सेर यांनी १९५१ साली सिद्ध केले होते. त्यामागचे कारण या एका चिन्हात दिसते.

टेलर श्रेणी म्हटली की अभिसरणाचा प्रश्न येतोच. क मितीच्या गोलपृष्ठाचा म-वा थर म(क − १) + १ या मितीपासून सुरू होतो. क ची किंमत २ किंवा त्याहून जास्त असेल तर थर वर वर सरकत जातात, कोणत्याही एका मितीत मोजकेच थर उरतात, आणि टॉवर खरोखर मूळ अवकाशाकडे जातो. क = १ असता मात्र प्रत्येक थराची सुरुवात पहिल्या मितीपासूनच होते आणि हा युक्तिवाद चालत नाही. सर्वसाधारणपणे, ज्या अवकाशातली प्रत्येक बंद वाट एका बिंदूत आकसता येते तिथे आयडेंटिटी फंक्टराचा टॉवर अभिसारी असतो. ती त्याची अभिसरण त्रिज्या समजावी.

ग्रेगरी अरोन आणि मार्क महोवाल्ड यांनी १९९९ साली विषम मितीच्या गोलांवर हा टॉवर तपासला तेव्हा असे आढळले की, म ही एखाद्या मूळ संख्येचा घात असल्याखेरीज म-वा थर पूर्णपणे नाहीसा होतो (पहिला थर अर्थातच राहतो), आणि म = प^क असेल तर त्या थरात प या मूळ संख्येशी संबंधित भाग तेवढा राहतो. एका ठरावीक आवर्तनाची होमोटोपी, म्हणजे होमोटोपीचा ठरावीक मितींच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसणारा भाग, पाहायची झाली तर उरलेल्यांतलेही मोजकेच थर कामाला येतात; अनंत टॉवर थोड्या मजल्यांचा होतो. पुढे मायकल चिंग यांनी २००५ साली दाखवले की आयडेंटिटीचे सहगुणक सुटे सुटे नसतात, त्यांच्यात एकमेकांना जोडणारी ऑपराड नावाची रचना असते आणि ती ली बीजगणितांशी (ज्यांत गुणाकाराच्या जागी, क्रम उलटला की चिन्ह बदलणारा कंस असतो) जुळते. (म − १)! ही संख्याही तिथलीच: म चलांपैकी प्रत्येक एकदाच वापरून जेवढे स्वतंत्र ली कंस लिहिता येतात, त्यांची ती संख्या आहे. क्विलन यांनी १९६९ साली परिमेय होमोटोपीचे (होमोटोपी ग्रुपांतला सांत भाग दुर्लक्षून जे उरते त्याचे) वर्णन ली बीजगणितांनी केले होते. आता त्या वर्णनाचे मूळ विकलजांमध्ये आहे असे म्हणता येते.

गुडविली मुळात गोलांच्या होमोटोपीसाठी या वाटेला लागले नव्हते. वाल्डहाउझेन यांनी मांडलेला बीजगणितीय के-सिद्धांताचा (मुळात बेरीज-गुणाकार असलेल्या रिंग या रचनांना ग्रुपांची मालिका जोडून देणाऱ्या सिद्धांताचा) अवकाशांवरील अवतार थेट काढणे फार अवघड होते, म्हणून त्याचा निदान विकलज काढावा, हा त्यांचा हेतू होता. तो विचार के-सिद्धांतात खोलवर गेला आणि डुंडास, गुडविली व मॅकार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयापर्यंत पोहोचला. मायकल वाइस यांनी सदिश अवकाशांवरील फंक्टरांसाठी आणि, गुडविली यांच्याबरोबर, एका बहुविधाचे (जवळून पाहिल्यास सपाट दिसणाऱ्या अवकाशाचे) दुसऱ्यातील अंतःस्थापन, म्हणजे स्वतःला न छेदता बसवणे, समजण्यासाठी अशाच प्रकारची कलनशास्त्रे रचली.

एका बाबतीत मात्र टॉवर आणि श्रेणी यांत मोठा फरक आहे. श्रेणीतली पदे नुसती मिळवायची असतात. टॉवरमधले थर एकमेकांना गुंतलेले असतात, आणि सर्व थर माहीत असले तरी ते कसे जोडले आहेत हे शोधणे हेच बहुधा खरे काम असते. द्विमितीय गोलाच्या उदाहरणातही पूर्णांक आणि दोन घटकांचा ग्रुप सुटे ठेवले असते तर उत्तर चुकले असते. ते जोडूनच पुन्हा पूर्णांक मिळाले. ही गुंतागुंत कधी सुटते, याचे एक सुंदर उत्तर निकोलस कुन यांनी २००४ साली दिले: स्पेक्ट्रमकडून स्पेक्ट्रमकडे जाणाऱ्या बहुपदी फंक्टरांच्या बाबतीत, होमोटोपीची एकच आवर्ती पातळी वेगळी काढून पाहिली की टॉवर आपल्या थरांमध्ये पूर्णपणे विभागतो, आणि त्या पातळीवर टेलर श्रेणी ही खरोखर पदांची बेरीज असते.